टेबल उलटे करून पाहावे

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

आमची घाटकोपरची चाळ २०१८ साली पुनर्विकासासाठी रिकामी झाली, तेव्हा मी नववीत होतो. भाड्याची जागा दहा बाय बाराची. तेथे काय न्यायचे आणि काय टाकायचे यावर आठ दिवस घरात खल चालला. शेवटच्या दिवशी आजोबांचे लिहिण्याचे टेबल भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढले. त्याचे साडेतीनशे रुपये आले. एक पाय डुगडुगतो, खण अडकतो, वर शाईचे डाग आहेत, एवढे तीन दोष आम्ही त्यात काढले होते. बाबा गॅलरीत उभे राहून हातगाडी वळणाआड जाईपर्यंत पाहत होते. बोलले मात्र काही नाहीत.

नवी जागा २०२३ च्या दसऱ्याला मिळाली. आईने जेवणाचे टेबल हवे म्हटले. बाबा म्हणाले, "घ्यायचंच तर जुनं घेऊ. आण्णांच्या टेबलासारखं." मग आम्ही मेट्रोने अंधेरीला आणि तेथून गाडीने जोगेश्वरीला गेलो. ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे वर्णन सांगावयास नको. दुकानांच्या ओळीच्या ओळी, झुंबरे, पलंग, देव्हारे, ग्रामोफोनचे कर्णे आणि या सर्वांवर बसलेली एकसारखी धूळ! एका दुकानात आम्हाला एक टेबल दाखविण्यात आले. "ब्रिटिश जमान्यातलं आहे, शंभर वर्षं कुठे गेली नाहीत," असे सांगण्यात आले. घासाघीस होऊन ते बावीस हजारांना ठरले. बाबांनी त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या पैशांना हात लावला होता, हे मला नंतर कळले.

टेबल घरी आले. स्वयंपाकघराच्या ओट्याचे काम करणारे सुतारकाका त्या वेळी घरात होते. त्यांनी टेबलावरून हात फिरविला नाही की त्याची स्तुतीही केली नाही. ते सरळ खाली वाकले, बॅटरी लावली आणि दोन मिनिटांनी उठून म्हणाले, "लाकूड जुनं आहे, टेबल नवं आहे."

बाबांचा चेहरा त्या क्षणी जो झाला, तो हा लेख लिहिण्याचे कारण आहे. गेली दोन वर्षे मी सुतारकाकांच्या मागे लागून, बाजारात हिंडून आणि थोडे वाचून जे शिकलो, ते माझ्या मित्रांना उपयोगी पडेल अशी आशा आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या इमारती आज ना उद्या पाडल्या जाणार आहेत. तेव्हा प्रत्येक घरात हे दोन प्रश्न येणारच: जुने काय टाकायचे, आणि जुने म्हणून काय घ्यायचे?

प्रथम 'अँटिक' या शब्दाविषयी. बाजारात हा शब्द फार स्वस्त झाला आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कला-निधी कायद्याप्रमाणे किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ही 'पुरावस्तू' ठरते. अशा वस्तूंचा व्यापार करावयास परवाना लागतो आणि त्या खासगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाहीत. म्हणजे १९४० सालचे टेबल कितीही देखणे असले तरी अजून पुरावस्तू नव्हे. ते जुने टेबल होय. यात कमीपणा काही नाही. फक्त जुन्या टेबलाला जुन्या टेबलाचा भाव द्यावा, पुरावस्तूचा देऊ नये.

दुसरी गोष्ट अशी की, आपल्या मराठी घरांत टेबल हा पाहुणा आहे. आपण पाटावर बसून जेवणारी माणसे. लिहावयाचे तर मांडी घालून उतरत्या झाकणाच्या बैठ्या डेस्कवर लिहीत असू. मेज हा शब्दही बाहेरून आला. तो फारसीतून आला की पोर्तुगीजांकडून, याविषयी मतभेद आहेत. उलट, इंग्रजांनी आपल्याकडून एक शब्द उचलला. 'टीपॉय' या शब्दाचा चहाशी मुळात काही संबंध नाही. तो 'तीन पायांचे' अशा अर्थाचा हिंदुस्थानी शब्द आहे. इंग्रजांनी त्यात चहा ऐकला आणि टीपॉयवर चहा ठेवू लागले! तर सांगावयाचे असे की, मध्यमवर्गीय मराठी घरातले सर्वांत जुने टेबल बहुधा लिहिण्याचे असते. ते नोकरीबरोबर आणि शाळेबरोबर घरात आले. जेवणाचे टेबल बऱ्याच घरांत फ्लॅटबरोबर, नंतर आले. म्हणून कोणी "कोकणातल्या वाड्यातलं दीडशे वर्षांचं डायनिंग टेबल" असे म्हणू लागला, तर त्या वाड्यात जेवत कसे होते एवढे विचारावे.

आता ओळखण्याविषयी. इतिहासाच्या तासाला आम्हाला शिकविले जाते की, कागद स्वतःविषयी काय सांगतो यापेक्षा तो कशावर, कोणत्या शाईने लिहिला आहे हे आधी पाहा. टेबलाचेही तसेच आहे. वरचा भाग विक्रेत्याने तुमच्यासाठी तयार केलेला असतो, आणि खालचा भाग करणाऱ्याने स्वतःसाठी. म्हणून टेबल उलटे करावे. ते शक्य नसेल तर खाली बसावे, बॅटरी लावावी आणि सर्व खण बाहेर काढावेत. लाजू नये. बावीस हजार देताना आम्ही लाजलो होतो.

खाली पाहिल्यावर पहिली गोष्ट दिसते ती रंग. ज्या लाकडाला कधी पॉलिश लागले नाही, त्याचा रंग वर्षानुवर्षे हवेने उतरत जाऊन कोरडा, करडा-तपकिरी होतो आणि तो सर्वत्र सारखा नसतो. जेथे फळीवर फळी बसली आहे तेथे फिकट, जेथे हवा लागते तेथे गडद. आमच्या टेबलाच्या खालच्या बाजूला मात्र एकच एक तपकिरी रंग होता, अगदी सांध्यांच्या आतपर्यंत. नवे लाकूड म्हातारे करण्यासाठी चहाचे पाणी, पोटॅशियम परमँगनेट, गडद पॉलिश असे नाना उपाय करतात. खालून रंगविलेले टेबल दिसले की समजावे, येथे काही लपवावयाचे आहे.

दुसरी गोष्ट सांधे. चांगल्या जुन्या टेबलात आडव्या पट्टीच्या टोकाला जीभ काढून ती पायाच्या भोकात बसविलेली असते. या जिभेला सुतार कुसू म्हणतात. त्यातून आरपार एक लाकडी खुंटी ठोकलेली असते. काळाने लाकूड आकसते. म्हणून जुन्या खुंटीचे डोके बोटाला किंचित वर आलेले लागते आणि ते पुरते गोलही राहत नाही. खणाचे कोपरे पाचरीसारखे दात एकमेकांत गुंतवून जोडलेले असतात. हाताने कापलेले दात लहानमोठे असतात, शेजारी आखणीची बारीक रेघही दिसते. यंत्राचे दात पलटणीच्या शिपायांसारखे एकसारखे. खणाच्या कोपऱ्यात नुसते खिळे ठोकले असतील, तर ते काम घाईचे किंवा दुरुस्तीचे.

तिसरी गोष्ट लोखंड आणि पितळ. स्क्रूला टोक असण्याची पद्धत १८५० च्या सुमारास यंत्रे आल्यावर रूढ झाली. त्याआधीचे स्क्रू बोथट असत. डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू १९३० नंतरच्या दशकातला शोध आहे. कुलपावर गोदरेजचे नाव असेल तर ते १८९७ च्या आधीचे असूच शकत नाही, कारण गोदरेजची कुलपे त्याच साली सुरू झाली. येथे एक नियम लक्षात ठेवावा: टेबलात जो मूळचा भाग सर्वांत अलीकडचा, त्याच्या आधी ते टेबल जन्माला येऊ शकत नाही. 'मूळचा' हा शब्द महत्त्वाचा. मूठ, कुलूप, बिजागरी या गोष्टी बदलल्या जातात. मूठ बदलली असेल तर खणाच्या आतल्या बाजूला जुन्या मुठीची बुजविलेली भोके सापडतात. ती सापडली तर उलट आनंद मानावा. माणसाच्या अंगावर जसे वण असतात, तसेच हे.

आमच्या टेबलाला खाली अधिक चिन्हाचे सोळा स्क्रू होते. सुतारकाकांनी पाहिले ते हेच. वर, एका पट्टीच्या मधोमध एक चौकोनी खाच बुजविलेली होती. टेबलात त्या जागी खाचेचे काहीच काम नव्हते. पूर्वजन्मी ती पट्टी कुठल्या तरी घराची तुळई किंवा दाराची चौकट असावी. "लाकूड जुनं, टेबल नवं" याचा अर्थ तेव्हा उलगडला. मुंबईत पाडलेल्या चाळींचे, वाड्यांचे वासे आणि दारे विकत घेऊन त्यांचे फर्निचर करण्याचा मोठा धंदा आहे. त्यात वाईट काही नाही. पन्नास-साठ वर्षे मुरलेला साग वाकत नाही, नव्या सागापेक्षा तो कित्येकदा सरस असतो. तसे सांगून विकले तर तो उत्तम सौदा. न सांगता विकले तर ती फसवणूक.

चौथी खूण झीज. टेबलाजवळ माणूस कसा बसला असेल याचा अभिनय करून पाहावा. पाय खालच्या आडव्या दांडीवर ठेवला जाईल, तर तेथे दांडी मधोमध झिजलेली हवी. उजव्या हाताकडचा खण जास्त वापरला जाईल, तर त्याची खालची कड आणि ज्या पट्टीवर तो सरकतो ती पट्टी घासलेली हवी. कृत्रिम झीज सर्वत्र सारखी असते. चारही कोपरे तासलेले, साखळीने ठोकून पाडलेले खड्डे सगळीकडे सारख्या अंतरावर. खरा माणूस इतका न्यायी नसतो. किड्यांची भोकेही अशीच तपासावीत. किडा आत वाकडातिकडा फिरतो, म्हणून बारीक तार फार आत जात नाही. ती सरळ खोलवर गेली, तर भोक ड्रिलने पाडलेले असण्याचा संभव आहे. भोकाखाली ताजे पिवळसर पीठ पडत असेल तर किडा अजून घरात आहे. असे टेबल घरी आणू नये. तो तुमच्या कपाटातही बिऱ्हाड करील.

गोल टेबल असेल तर सोबत मोजपट्टी न्यावी. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडवे मात्र आकसते. म्हणून जुने गोल टेबल पुरते गोल राहत नाही. उभे आणि आडवे मोजल्यास थोडासा फरक सापडतो. मुंबईच्या दमट हवेत तो कमीच, पण सापडतो.

आता लाकडाची जात. आपल्याकडे दोन मुख्य: साग आणि शिसव. साग सोनेरी तपकिरी, हाताला किंचित तेलकट, ताजा तासला तर कातड्यासारखा वास येणारा. शिसव जांभळट काळा, गर्द रेषांचा आणि जड. वाळलेला साग घनफुटाला सुमारे अठरा किलो भरतो, तर शिसव चोवीसच्या आसपास. म्हणून शिसवीचे म्हणून दाखविलेले टेबल एका टोकाने सहज उचलले गेले तर शंका घ्यावी. उत्तरेकडचे शिसम हे शिसवाचे भावंड असले तरी वेगळे व स्वस्त झाड आहे. नावाच्या सारखेपणाचा फायदा पुष्कळ जण घेतात. शिसव २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या यादीत आहे, त्यामुळे तर ही काळजी अधिकच घ्यावी.

"ब्रह्मी साग आहे" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक दुकानात ऐकू येईल. त्या सागामागे एका राज्याची कहाणी आहे. बॉम्बे-बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली निघाली आणि ब्रह्मदेशातला साग तोडून मुंबईला आणू लागली. नोंदीपेक्षा जास्त ओंडके नेल्याच्या आरोपावरून थिबा राजाच्या सरकारने १८८५ साली तिला मोठा दंड केला. इंग्रजांना निमित्त मिळाले, युद्ध झाले, राज्य गेले. राजाला १८८६ साली आपल्या रत्नागिरीस आणून ठेवले. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधला आणि १९१६ साली तो तेथेच वारला. एखाद्या जुन्या टेबलाचा साग खरोखर ब्रह्मी असेल, तर त्यावर जेवताना एवढे आठवावे.

पॉलिशची परीक्षाही सोपी आहे. पूर्वीचे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळविलेली लाख, कापडाच्या बोळ्याने थरावर थर देऊन घासलेली. कापसाला थोडे स्पिरिट लावून आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात टेकवावे. लाख असेल तर ती चिकट होऊन कापसाला रंग येतो. अलीकडचे मेलामाइन किंवा पीयू पॉलिश जागचे हलत नाही. मात्र ही परीक्षा दुकानदाराला विचारूनच करावी. आणि जुन्या टेबलावरही कोणी नवे पॉलिश चढविलेले असू शकते, हे विसरू नये. एकाच खुणेवरून निकाल देऊ नये. चार-पाच खुणा एकच गोष्ट सांगू लागल्या की मग विश्वास ठेवावा.

मुंबईच्या बाजारात, मग तो ओशिवऱ्याचा असो की मटन स्ट्रीटवरचा चोर बाजार, साधारण चार जातींची टेबले भेटतात. एक, एकोणिसाव्या शतकातली कोरीव शिसवी टेबले. जाड खांबासारखा मधला पाय, त्यावर पाने, वेली, पक्षी. ही धनिकांच्या दिवाणखान्यांसाठी मुंबईतच होत. ती सुंदर असतात, महाग असतात, आणि आपल्या दारातून आत येत नाहीत. दोन, इराण्याच्या हॉटेलातली संगमरवरी टेबले. एकामागून एक इराणी बंद पडले आणि त्यांची टेबले बाजारात आली. दगड खरा असेल तर खालची बाजू खडबडीत असते आणि त्यातल्या शिरा आरपार गेलेल्या असतात. त्यावर लिंबू सांडू देऊ नये, डाग कायमचा पडतो. तीन, १९३०-४० च्या सुमाराची, गोलाई दिलेल्या कोपऱ्यांची, मरीन ड्राइव्हच्या इमारतींच्या वळणाची टेबले. यांत पातळ पापुद्रा चिकटविलेला असतो. तो कडेने सुटला आहे का, हे नखाने पाहावे. चार, कचेऱ्यांची टेबले. दोन्ही बाजूंना खण, वर हिरवी बनात किंवा रेक्झिन, पायावर रंगविलेला क्रमांक. यांतल्या काहींवर 'जी.आय.पी.' किंवा 'बी.बी.सी.आय.' अशी रेल्वेची अक्षरे दिसतात. या दोन्ही कंपन्या १९५१ साली मध्य आणि पश्चिम रेल्वेत विलीन झाल्या. तेव्हा अक्षरे खरी असतील तर टेबल त्याआधीचे. पण अक्षरे रंगवावयास पाच मिनिटे पुरतात, म्हणून पुन्हा खाली वाकून पाहावे.

माझे मत विचाराल तर उपनगरातल्या घराला चौथी जात सर्वांत चांगली. तिच्यात डौल कमी आणि काम जास्त. निवडताना मन आधी घराकडे न्यावे, मग टेबलाकडे. दार, जिन्याचे वळण आणि लिफ्ट मोजावी. जेवणाला माणशी दोन फूट कड लागते. खुर्ची मागे सरकवून उठावयास भिंतीपर्यंत अडीच ते तीन फूट हवेत. टेबलाची उंची तीस इंचांच्या आसपास असावी आणि गुडघ्यांसाठी खाली दोन फूट मोकळे असावेत. खणाची पट्टी फार खाली आलेली असेल तर मांडी आदळत राहते. एक पाय डुगडुगला तर भिऊ नये, तो सांधा दीडदोनशे रुपयांच्या सरसात बसतो. पण मधली फळी वाकली असेल, किंवा पायाचे तळ वाळवीने पोकळ झाले असतील, तर मोह आवरावा. पावसाळ्यात खण अडकतो म्हणून तो तासू नये. दिवाळीपर्यंत थांबावे, तो आपोआप सुटतो. तोवर पट्टीवर मेणबत्ती घासावी. आणि काहीही झाले तरी जुन्या लाकडावर सनमायका मारू नये.

हे शेवटचे वाक्य मी अनुभवाने लिहीत आहे. गेल्या मे महिन्यात मुलुंडला आत्याकडे गेलो होतो. तिच्या मागच्या खोलीत इस्त्रीचे एक टेबल आहे, वर फिकट गुलाबी सनमायका. इतकी वर्षे त्यावर माझे कपडे ठेवले, पण पाहिले कधीच नव्हते. आता सवयीने खाली वाकलो. चारही सांध्यांना लाकडी खुंट्या, खणाला हाताने कापलेले दात, आणि आडव्या दांडीवर मधोमध झिजलेली जागा. आत्या म्हणाली, "अरे, ते आण्णांचंच आहे. दोन एकदमच करून घेतली होती त्यांनी, माझं लग्न ठरलं तेव्हा. एक त्यांना, एक मला." आतेभाऊ म्हणाला, "आम्ही तर ते या दिवाळीला काढणारच होतो."

सुतारकाकांनी सनमायका उतरविला. खाली साग होता. गोंदाचे डाग पुरते गेले नाहीत. आत्याचे लग्न १९७४ सालचे, म्हणजे टेबलाला पुरावस्तू होण्यास अजून बराच अवकाश आहे. बाजारात त्याला कोणी फारसे विचारणारही नाही. बाबा त्यावर रोज सकाळी वर्तमानपत्र पसरून बसतात आणि पाय नकळत त्या झिजलेल्या दांडीवर ठेवतात.

बावीस हजारांचे टेबलही आहे. दुकानदाराने ते परत घेतले नाही. आम्ही त्यावर जेवतो. ते मजबूत आहे, आणि लाकूड तर जुने आहेच. साडेतीनशे रुपयांना गेलेले टेबल मात्र कोठे आहे कोण जाणे. कदाचित ओशिवऱ्याला एखाद्या दुकानात उभे असेल आणि कोणीतरी त्याला शंभर वर्षांचे म्हणत असेल.

तेव्हा मित्रांनो, बाजारात जाण्यापूर्वी एकदा आपल्याच घरात खाली वाकून पाहा.